छोट्या कॉलेजमधून थेट पीएचडीला गेलं तर मुलगी मागे पडेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला अमेरिकेत दोन ठिकाणी ॲडमिशन मिळालीये, एक साधारण १,६०० विद्यार्थ्यांचं लिबरल आर्ट्स कॉलेज आणि दुसरी ४०,००० विद्यार्थ्यांची स्टेट युनिव्हर्सिटी. तिला पुढे केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करायचीये. आईला धास्ती ही की छोट्या कॉलेजचं नाव नातेवाइकांत कोणी ऐकलेलं नाही, तिथे पीएचडी प्रोग्रॅमच नाही, मग ही पोरगी उद्या मोठ्या युनिव्हर्सिटीत गेल्यावर बाकीच्यांसमोर टिकेल का.

ताई, मी अशाच एका छोट्या कॉलेजात २२ वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवतेय, आणि त्याआधी माझी पीएचडी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं रिसर्चचं काम) दोन्ही मोठ्या रिसर्च युनिव्हर्सिटीत झालंय, त्यामुळे दोन्हीकडचं आतून बघितलंय. थोडं सविस्तर लिहिते कारण दोन ओळींत हो किंवा नाही सांगण्यासारखं हे नाहीये.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नावात आर्ट्स आहे म्हणून ही आपल्याकडची कला शाखा नाही. तिथे फिजिक्स, गणित, बायोलॉजी, केमिस्ट्री सगळं असतं, फक्त बॅचलर्सच्या पुढे डिग्री नसते (किंवा अगदीच एखादी असते), त्यामुळे कॉलेजात ग्रॅड स्टुडंट, म्हणजे मास्टर्स किंवा पीएचडी करणारा विद्यार्थी, नावाचा प्राणीच नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं हिच्यावरच उभं आहे.

नावाचं म्हणाल तर, नातेवाइकांनी ऐकलेलं नसलं तरी ज्यांनी ऐकायला हवं त्यांनी ऐकलेलं असतं. पीएचडीची ॲडमिशन देणारी कमिटी म्हणजे त्याच डिपार्टमेंटचे प्रोफेसर, आणि त्यांना ग्रिनेल, कार्लटन, रीड, स्वार्थमोर, हार्वी मड ही नावं पक्की माहीत असतात, कारण त्यांच्या स्वतःच्या लॅबमध्ये तिथली पोरं काम करून गेलेली असतात. अमेरिकेत दरवर्षी पीएचडी मिळवणाऱ्यांचा सर्व्हे होतो आणि त्यात बॅचलर्स कुठून केलं हे विचारतात. नुसता आकडा बघितला तर अर्थातच बर्कलीसारख्या प्रचंड युनिव्हर्सिट्या वर येतात, पण दर शंभर ग्रॅज्युएट्समागे किती जण पुढे सायन्स-इंजिनिअरिंगची पीएचडी करतात असं बघितलं की कॅलटेक आणि एमआयटीच्या पंक्तीला हार्वी मड, रीड, स्वार्थमोर, कार्लटन, ग्रिनेल ही छोटी कॉलेजं येऊन बसतात. आता यात एक गोम आहे आणि ती मी लपवणार नाही. ज्यांना मुळातच अभ्यासाची आणि रिसर्चची ओढ आहे तीच मुलं अशा कॉलेजात जातात, त्यामुळे श्रेय सगळं कॉलेजचं असं म्हणता येत नाही. पण छोट्या कॉलेजात गेल्याने दार बंद होतं ही भीती तरी त्यातून नक्की जाते.

तुमच्या मुलीच्याच विषयातलं उदाहरण द्यायचं तर टॉमस चेक. आरएनए स्वतःच एन्झाइमसारखं काम करू शकतं हे दाखवल्याबद्दल १९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल सिडनी आल्टमन यांच्याबरोबर त्यांना मिळालं, त्यांनी १९७० मध्ये ग्रिनेलमधून बॅचलर्स केलं आणि तिथून पीएचडीला बर्कलीला गेले. जेनिफर डाउडना, क्रिस्पर या जीन-एडिटिंग तंत्रासाठी २०२० चं नोबेल, त्या पमोना कॉलेजच्या, १९८५ ची बॅच, तिथून पुढे हार्वर्डला पीएचडी. आणि मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे याच डाउडनांनी पोस्टडॉक केलं ते कोलोरॅडोला चेक यांच्याच लॅबमध्ये. चेक यांनी १९९९ मध्ये लिबरल आर्ट्स कॉलेजातल्या सायन्स शिक्षणाच्या बाजूने एक लेखही लिहिला होता, आणि ते लिहिणारा माणूस पुढच्याच वर्षी हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटसारख्या अवाढव्य संस्थेचा प्रेसिडेंट झाला, म्हणजे मोठ्या सायन्सची ताकद त्यांना माहीत नव्हती असं कोणी म्हणू शकणार नाही.

आता मुख्य मुद्दा. छोट्या कॉलेजचं कौतुक करताना सगळे म्हणतात की तिथे वैयक्तिक लक्ष दिलं जातं. देतात, खरंय. पण माझ्या मते ग्रॅड स्कूलसाठी जी तयारी होते त्यात लक्ष दिल्याचा वाटा कमी आणि काम करायला दुसरं कोणी नसण्याचा वाटा जास्त असतो.

म्हणजे बघा, मोठ्या युनिव्हर्सिटीत अंडरग्रॅड, म्हणजे बॅचलर्स करणारी, मुलगी लॅबमध्ये गेली की बहुतेक वेळा एखाद्या ग्रॅड स्टुडंटच्या हाताखाली जाते, त्याच्या प्रोजेक्टचा एक तुकडा तिला मिळतो, कॉलम चालव, हे दहा सॅम्पल कर, आणि रिॲक्शन बिघडली की तो ग्रॅड स्टुडंट येऊन दुरुस्त करतो कारण त्याचा पेपर अडलेला असतो. चांगल्या लॅबमध्ये चांगला ग्रॅड स्टुडंट मिळाला तर ती भरपूर शिकते, मी अशी मुलंही बघितलीयेत. माझ्या लॅबमध्ये मात्र मी आणि चार अंडरग्रॅड, बस. सकाळी मी क्लासवर असते, दुपारी दुसरी लॅब शिकवते, मग रिॲक्शन बिघडली की पहिला विचार त्या विद्यार्थिनीलाच करावा लागतो. सॉल्व्हंटमध्ये पाणी राहिलं होतं का, टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी छोटी पट्टी) दिसणारा तो दुसरा ठिपका कसला, व्हॅक्यूम पंपचं तेल शेवटचं कोणी बदललं. रेणूची रचना ओळखणाऱ्या एनएमआर मशीनवर स्वतः सॅम्पल घालते, स्वतः स्पेक्ट्रम काढते, चुकीचा काढला तर परत काढते. वर्षा-दीड वर्षात या मुली-मुलांना जी सवय लागते ना, की उत्तर कुणालाच माहीत नाहीये, मॅडमलाही नाही, आणि तरी उद्या सकाळी काहीतरी करून बघायचंय, तीच पीएचडीची सवय आहे. मी स्वतः जिथे बॅचलर्स केलं तिथे प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच ठरलेलं असायचं, आपण फक्त त्याच्या जवळ पोचायचं आणि जर्नल पूर्ण करायचं, त्यामुळे पीएचडीच्या पहिल्या वर्षी सहा महिने काहीच जमेना तेव्हा मला वाटलं आपल्यातच काहीतरी खोट आहे. माझ्या विद्यार्थ्यांना ते तिथे जायच्या आधीच कळलेलं असतं की न जमणं हाच बहुतेक दिवसांचा निकाल असतो.

रीड कॉलेजात तर १९६८ पासून एक छोटा रिसर्च रिॲक्टर आहे, न्यूक्लिअर रिॲक्टर हो, आणि तो चालवणारे बहुतेक ऑपरेटर अंडरग्रॅड विद्यार्थी असतात, सरकारी परीक्षा देऊन लायसन्स काढलेले. जबाबदारी टाकली की १९-२० वर्षांची मुलं ती पेलतात.

दुसरी गोष्ट सीनियर थीसिस. सगळीकडे सक्तीचा नसतो, हे नक्की तपासा. रीडमध्ये प्रत्येकाला थीसिस लिहावाच लागतो आणि शेवटी तोंडी परीक्षा द्यावी लागते, वूस्टर कॉलेजमध्येही सगळ्यांना शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रोजेक्ट असतो, कार्लटनमध्ये शेवटच्या वर्षाच्या अशा कामाला कॉम्प्स म्हणतात. स्वार्थमोरचा ऑनर्स प्रोग्रॅम १९२२ मध्ये फ्रँक आयडलॉट यांनी सुरू केला आणि त्यात परीक्षा घ्यायला बाहेरच्या युनिव्हर्सिटीतले लोक येतात, आपले शिकवणारे नाही. विचार करा, २१ वर्षांच्या मुलीने आपल्या विषयातल्या अनोळखी तज्ज्ञासमोर बसून तिला जे येतं ते मांडायचं आणि जे येत नाही तिथे सरळ येत नाही म्हणायचं. पीएचडीत दुसऱ्या वर्षाच्या आसपास कँडिडसीची, म्हणजे पुढे थीसिसचं काम करायला पात्र आहे का ते ठरवणारी, तोंडी परीक्षा असते, तिथे हुशार हुशार मुलांची गाळण उडते कारण त्यांनी आयुष्यात फक्त लेखी पेपर दिलेले असतात. आमच्याकडची मुलं तिथे घाबरत नाहीत असं नाही, पण फळ्यासमोर उभं राहून पाच जणांचे उलटसुलट प्रश्न झेलणं त्यांनी आधी एकदा केलेलं असतं, आणि एकदा केलेलं आणि कधीच न केलेलं यात फार फरक पडतो.

लिखाणाचं पण तेच. फर्स्ट इयरच्या सेमिनारमध्ये १२-१५ मुलं असतात, इतिहासाचा किंवा फिलॉसॉफीचा प्रोफेसर निबंध तीनदा परत पाठवतो, केमिस्ट्रीवाली मुलं वैतागतात की याचा आम्हाला काय उपयोग, आणि मग पीएचडीत गेल्यावर पहिला रिसर्च प्रपोजल लिहायची वेळ आली की फोन करून सांगतात की उपयोग झाला.

शिफारसपत्रांबद्दल जरा जास्त लिहिते कारण बाहेरच्या लोकांना याचं वजन कळत नाही. पीएचडीच्या अर्जाला साधारणपणे तीन पत्रं लागतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच सायन्स प्रोग्रॅम्सनी काढून टाकलीये, मार्क तर सगळ्यांचेच चांगले असतात, मग कमिटी वाचते ती पत्रं. मोठ्या युनिव्हर्सिटीत ३०० मुलांच्या क्लासमध्ये ए ग्रेड मिळवणाऱ्या मुलीबद्दल प्रोफेसर काय लिहिणार, क्लासमध्ये पहिल्या पाच टक्क्यांत होती, एवढंच. लॅबमध्ये काम केलं असेल तर पत्र मोठ्या नावाचं मिळतं, पण त्यातला मजकूर बऱ्याचदा पोस्टडॉकने पुरवलेला असतो. मी माझ्या मुलींसाठी दोन दोन पानं लिहिते, आणि त्यात असं लिहू शकते की हिची रिॲक्शन सहा आठवडे १२ टक्क्यांच्या वर यील्ड (हवा तो पदार्थ) देत नव्हती, पाचव्या आठवड्यात ती माझ्याकडे आली तेव्हा तिने काय काय वगळून झालंय याची यादी आणली होती, आणि शेवटी चूक तिने शोधली, मी नाही. मी पोस्टडॉक असताना आमच्या ॲडव्हायझरकडे ॲडमिशनच्या फायली यायच्या, ते म्हणायचे की अशा पत्रातून माणूस दिसतो. पण याची दुसरी बाजू पण आहे, की छोट्या कॉलेजात लपायला जागा नाही. तीन वर्षं ढिलाई केली तर तीही आम्हाला तितकीच नीट दिसते, आणि पत्रात खोटं लिहिलं तर पुढच्या वर्षी माझ्या पत्रावर कोण विश्वास ठेवेल.

आता कमी कुठे पडतं ते.

कोर्सेस. ही खरी उणीव आहे आणि ॲडमिशन ऑफिसवाले हे आपणहून सांगत नाहीत. मोठ्या युनिव्हर्सिटीतली मुलगी चौथ्या वर्षी ग्रॅज्युएट लेव्हलचे दोन-तीन कोर्स घेऊन मोकळी होते, आमच्याकडे ते नसतातच. गणितात आणि थिअरेटिकल फिजिक्समध्ये हा फरक जास्त बोचतो कारण तिथे टॉपच्या प्रोग्रॅम्सना अर्ज करणाऱ्या बऱ्याच मुलांचं ग्रॅज्युएट ॲनालिसिस, अल्जिब्रा आधीच झालेलं असतं. केमिस्ट्री-बायोकेमिस्ट्रीत तेवढं नडत नाही. शिवाय डिपार्टमेंट लहान असल्याने वरचे कोर्स एक वर्षाआड होतात, आणि मुलगी थर्ड इयरला सेमिस्टरभर परदेशात गेली आणि नेमका त्याच वेळी तिला हवा असलेला कोर्स होऊन गेला, की तो गेलाच. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच चारही वर्षांचा तक्ता ॲडव्हायझरसोबत बसून काढायचा. काही कॉलेजं एकमेकांना जोडलेली असतात, तिथे हा प्रश्न बराच सुटतो. क्लेअरमाँटला पमोना, हार्वी मड वगैरे पाच कॉलेजं एकमेकांना लागून आहेत, फिलाडेल्फियाजवळ स्वार्थमोर, हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर, मॅसॅच्युसेट्समध्ये ॲमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक, हॅम्पशायर यांच्याबरोबर मोठी स्टेट युनिव्हर्सिटीच त्या गटात आहे. गणितवाल्यांसाठी १९८५ पासून चालू असलेलं बुडापेस्टचं सेमिस्टर आहे, त्याला छोट्या कॉलेजातली मुलं आवर्जून जातात.

रिसर्चचा आवाका पण लहान असतो. आमच्याकडे माझ्या विषयात मी एकटीच आहे. तुमच्या मुलीला जे आवडेल ते करणारं कोणी त्या कॉलेजात नसेलही. यावर उपाय म्हणजे एक उन्हाळा बाहेर घालवणं. नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आरईयू नावाचा प्रोग्रॅम १९८७ पासून आहे, त्यात अंडरग्रॅड मुलं साधारण दहा आठवडे दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जाऊन रिसर्च करतात, स्टायपेंड मिळतो. मी सगळ्यांना सांगते की एक समर आपल्याकडे, एक समर मोठ्या लॅबमध्ये. तिथे जाऊन कळतं की १५-२० जणांच्या ग्रुपमध्ये रोज उठून काम करणं आपल्याला आवडतं की नाही, आणि तिसरं पत्रही बाहेरच्या माणसाचं मिळतं, त्याने कमिटीची उरलीसुरली शंका जाते.

पण इथे एक महत्त्वाचं. आरईयूचा तो पैसा अमेरिकन सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतो. मुलगी एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, येणार असेल तर ती त्यात बसत नाही. पीएचडीसाठीची एनएसएफची ग्रॅज्युएट फेलोशिप, जिच्यासाठी कॉलेजच्या शेवटच्या वर्षीच अर्ज करता येतो, तीही अशीच, एफ-१ वाल्यांना नाही. मग अशा मुलीसाठी कॉलेजचा स्वतःचा समर रिसर्च फंड किती आहे हा प्रश्न सगळ्यात वरचा होतो, आणि श्रीमंत छोटी कॉलेजं इथे खूप उदार असतात, सामान्य परिस्थितीतली नसतात. पीएचडीच्या पैशाची मात्र त्यामुळे काळजी करू नका, केमिस्ट्री-बायोकेमिस्ट्रीत पीएचडीला घेतलं की सहसा ट्यूशन माफ आणि टीए (शिकवण्यात मदत) किंवा आरए (रिसर्चमध्ये मदत) म्हणून स्टायपेंड मिळतो, परदेशी मुलांनाही, आणि मधे मास्टर्स करायची गरज नसते, बॅचलर्सवरून थेट.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. आमची मुलं अभ्यासात पडत नाहीत, एकटेपणात पडतात.

चार वर्षं त्यांची सवय अशी असते की दोन दिवस क्लासला दिसली नाही तर प्रोफेसर ईमेल करून विचारतात बरी आहेस ना. ग्रॅड स्कूलमध्ये कोणी विचारत नाही. ॲडव्हायझरकडे मोठा ग्रुप असतो, ग्रँटचे अर्ज, प्रवास, महिना महिना समोरासमोर बोलणं होत नाही. काही वर्षांपूर्वीची माझी एक विद्यार्थिनी, फार गुणी मुलगी, एका मोठ्या प्रोग्रॅमला गेली आणि दुसऱ्या सेमिस्टरला तिचा फोन आला की सर माझ्यावर नाराज आहेत, मी सोडून देऊ का. खोदून विचारलं तर कळलं की सर काही बोललेच नव्हते. दोन महिने ते काही बोलले नाहीत आणि हिने त्याचा अर्थ नापसंती असा लावला, कारण तिच्या अनुभवात तिच्या कामावर कोणी काही बोललं नाही असं कधी घडलंच नव्हतं. मी तिला म्हटलं, एका पानावर लिही, काय केलं, काय अडलंय, पुढे काय करावंसं वाटतं, आणि तो कागद घेऊन पंधरा मिनिटं मागून घे. तिने घेतली. सरांना वाटत होतं की ही छान चाललीये, हिला त्रास द्यायला नको. त्या फोननंतर मी माझी पद्धत बदलली, आता शेवटच्या वर्षी मी मुलांना मुद्दाम दोन-दोन आठवडे काही विचारत नाही, आणि आधी सांगून ठेवते की विचारणार नाही, मीटिंग तुम्ही मागायची, कागद तुम्ही आणायचा. सुरुवातीला त्यांना ते तुटकपणाचं वाटतं. जानेवारीपर्यंत जमायला लागतं.

पहिल्या सेमिस्टरला कोर्समध्येही थोडा धक्का बसतो, बाजूला बसलेल्याचं हे सगळं आधी झालेलं असतं आणि ही पहिल्यांदा ऐकत असते. तो धक्का साधारण वर्षभराचा. दुसऱ्या वर्षापासून कोर्स संपतात आणि उरतो तो रिसर्च, तिथे मग आधी लिहिलेली ती सवय कामाला येते.

तेव्हा तुमच्या मुलीसाठी माझं मत छोट्या कॉलेजच्या बाजूने आहे, पण सगळीच छोटी कॉलेजं सारखी नाहीत. १ मे च्या आत कळवायचं असेल, त्याआधी जमलं तर जाऊन या, नाही तर केमिस्ट्री डिपार्टमेंटच्या चेअरला मुलीने स्वतः ईमेल करावा, तुम्ही नको, आणि उत्तर किती दिवसांत आणि कसं येतं तेही बघावं. विचारायचं हे: गेल्या उन्हाळ्यात तुमच्या डिपार्टमेंटचे किती विद्यार्थी कॅम्पसवर रिसर्चला होते आणि त्यांचे पैसे कोणी दिले. त्यात सेकंड इयरचे किती होते, की फक्त शेवटच्या वर्षाचेच घेता. एनएमआर विद्यार्थी स्वतः चालवतात का. गेल्या पाच वर्षांत पीएचडीला कोण कुठे गेलं, टक्केवारी नको, युनिव्हर्सिटीची नावं सांगा. आणि त्यातल्या एखाद्या सध्या पीएचडी करत असलेल्या माजी विद्यार्थ्याशी बोलता येईल का. चांगलं डिपार्टमेंट त्याच आठवड्यात दोन-तीन जणांशी गाठ घालून देईल. त्या माजी विद्यार्थ्याला मग मुलीने एवढंच विचारावं की पहिल्या वर्षी सगळ्यात जड काय गेलं, आणि तेव्हा कॉलेजातल्या कोणाला फोन केला होता.